धूळ गाडीला गाठते कशी?

धुळीने माखलेल्या मोटारीच्या मागच्या काचेवर बोटाने आपले नाव लिहिण्याचा मोह तुम्हांला कधी ना कधी झालाच असेल. नाव लिहिताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली होती का? हे नाव बहुधा मागच्या काचेवरच लिहिले जाते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आलेली, उभ्या पाठीची एखादी गाडी नीट पाहा. बॉनेट आणि पुढची काच त्या मानाने स्वच्छ असते. मागची काच, मागचे दिवे, नंबरपाटी आणि मागचा बंपर मात्र पीठ चाळून टाकावे तसे झालेले असतात.

यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण क्षणभर थांबून विचार करा. गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने पुढे पळते आहे. चाकांनी उडवलेली धूळ मागे रस्त्यावर हवेत तरंगते आहे. ती गाडीच्या मागे लागलेली नाही. मागच्या बंपरवर बसायचे तर धुळीच्या कणाला आधी ताशी ५४ किलोमीटरचा वेग घ्यावा लागेल आणि वर थोडा जास्त वेग घेऊन गाडीला गाठावे लागेल! निर्जीव, हलक्या कणाला हे कसे साधते?

माझ्या अकरावीच्या वर्गात एकदा हा प्रश्न निघाला. मी चटकन उत्तर दिले, "गाडीच्या मागे पोकळी तयार होते. ती धूळ ओढून घेते." वर्ग समाधानी दिसला. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मागे पोकळी असेल तर आतल्या हवेच्या दाबाने मागची काच फुटून बाहेर का पडत नाही?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर मी एका दिवसाने दिले. घरी जाऊन कागद-पेन्सिल घेतली, तेव्हा कळले की इतकी वर्षे वर्गात मी अर्धेच उत्तर देत होतो. तो हिशेब आज आपण मिळून करू.

पोकळी किती मोठी?

गाडीचा वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. गाडीत बसून पाहिले तर समोरून हवाच सेकंदाला १५ मीटर वेगाने अंगावर येते आहे, असे म्हणता येईल. ही हवा गाडीच्या नाकावर आपटून थांबते तेव्हा तेथील दाब वाढतो. ही वाढ किती हे काढण्याचे सूत्र सोपे आहे:

दाबातील वाढ = ½ × हवेची घनता × (वेग)²

हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम धरा. म्हणजे ½ × १.२ × १५ × १५ = १३५ पास्कल. उभ्या पाठीच्या गाडीमागे दाब कमी होतो हे खरे. पण तो साधारणतः या संख्येच्या पाचव्या भागाइतकाच कमी होतो. म्हणजे सुमारे २७ पास्कल.

आता वातावरणाचा दाब आठवा. तो सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. त्यातून २७ पास्कल गेले तर उरले किती? दहा हजार रुपयांतून तीन रुपयेसुद्धा गेले नाहीत! पाण्याच्या दाबमापकात हा फरक जेमतेम पावणेतीन मिलिमीटर दिसेल. याला पोकळी कसे म्हणायचे? काच न फुटण्याचे कारण हेच.

पण हा फरक अगदीच क्षुल्लकही नाही. एखाद्या बसची पाठ अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असेल तर तिचे क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर होते. त्यावर २७ पास्कलप्रमाणे सुमारे २०० न्यूटन बल बसला मागे खेचते. जणू कोणी वीस किलो वजनाइतक्या जोराने बसला पाठीमागून धरून ठेवले आहे. सेकंदाला १५ मीटर वेगाने या बलाविरुद्ध जायला सुमारे ३,००० वॅट, म्हणजे चार अश्वशक्ती सतत खर्च होतात. म्हणजे जी हवा पाठ मळवते, तीच इंधनही खाते. धुळीचा प्रश्न हा निव्वळ स्वच्छतेचा प्रश्न नव्हे, हे येथेच स्पष्ट होते.

हवा वळण का घेत नाही?

मुळात गाडीच्या मागे दाब कमी का होतो? यासाठी एक सोपा प्रयोग करा. तो मोठ्या माणसांच्या देखत करा. टेबलावर एक मेणबत्ती लावा. तिच्या पुढे एक गोल बाटली ठेवा. बाटलीच्या अलीकडून, ज्योतीच्या उंचीवर, जोराने फुंकर मारा. बाटली मध्ये असूनही मेणबत्ती विझते! फुंकरीची हवा बाटलीच्या गोल अंगाला धरून दोन्ही बाजूंनी वळते आणि मागे पुन्हा एकत्र येते.

आता बाटली काढून तेथे तेवढ्याच रुंदीचा सपाट पुठ्ठा उभा करा आणि पुन्हा फुंकर मारा. ज्योत विझत नाही. उलट ती तुमच्याकडे, म्हणजे पुठ्ठ्याच्या दिशेने झुकते. तुम्ही फुंकर पुढे मारली आणि ज्योत मागे आली! गाडीवरच्या धुळीचे सारे रहस्य या झुकलेल्या ज्योतीत आहे.

पुठ्ठ्याची कड तीक्ष्ण आहे. वेगाने येणारी हवा तेथे काटकोनात वळू शकत नाही. भरधाव सायकल अरुंद वळणावर बाहेर फेकली जाते, तशी ती कडेपासून सुटून सरळ पुढे जाते. यालाच प्रवाहाचे विलगन म्हणतात. पुठ्ठ्यामागची हवा या सुटलेल्या प्रवाहाला लागून असते. वाहता प्रवाह तिला कडेने आपल्याबरोबर ओढून नेतो, आणि नेलेल्या हवेची जागा भरायला मधून हवा उलट दिशेने परत येते. अशा रीतीने मागे भोवरे तयार होतात. ज्योतीला झुकवणारा वारा हा या भोवऱ्याचा परतीचा वारा होय.

गोलसर अंगावरूनही हवा शेवटपर्यंत चिकटून राहतेच असे नाही. याचे कारण प्रथम स्पष्ट केले ते जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी. १९०४ साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी एक छोटेखानी निबंध वाचला. द्रव किंवा वायू कोणत्याही पृष्ठभागावरून वाहताना अगदी पृष्ठभागाला लागून असलेल्या थराचा वेग शून्य असतो आणि त्यावर एका पातळ पट्ट्यात तो भराभर वाढत जातो, हे त्यांनी मांडले. या पातळ पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. सीमास्तरातील हवेची गतिज ऊर्जा घर्षणाने घटलेली असते. अंग मागे निमुळते होऊ लागले की बाहेरचा प्रवाह मंदावतो आणि दाब वाढत जातो. म्हणजे या थकलेल्या हवेपुढे दाबाचा चढ येतो. उतारावरून येतानाच ब्रेक लावून बसलेला सायकलस्वार समोरचा चढ चढू शकत नाही, तशी ही हवा मध्येच थांबते, उलटी फिरते आणि प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की हे सारे पाहण्यासाठी प्रांटल यांच्याजवळ मोठी यंत्रसामग्री असेल. तसे नव्हते. त्यांनी एक पाण्याचा पाट बांधला होता. हाताने चाक फिरवायचे की पाणी वाहू लागे. पाण्यात अभ्रकाचे बारीक कण टाकलेले असत, त्यामुळे भोवरे डोळ्यांना दिसत. असाच एक प्रयोग लेखाच्या शेवटी दिला आहे, तो तुम्हीही करू शकाल.

शिक्षकांसाठी येथे एक सूचना करावीशी वाटते. "मागे हवेचा वेग जास्त, म्हणून बर्नुलीच्या तत्त्वाप्रमाणे दाब कमी", असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते बरोबर नाही. भोवऱ्यांच्या भागात श्यानतेमुळे आणि खळबळीमुळे ऊर्जेचा ऱ्हास होत असतो. बर्नुलीचे साधे समीकरण तेथे लागू पडत नाही. शिवाय गाडीतून पाहिले तर मागच्या हवेचा वेग बाहेरच्या प्रवाहापेक्षा कमीच असतो. खरी गोष्ट अशी की प्रवाह मागे नीट मिटला असता तर दाब पुन्हा वाढला असता. तो सुटल्यामुळे दाब भरून येतच नाही.

गाडीबरोबर प्रवास करणारी हवा

आता आपण मूळ कोड्याकडे वळू. गाडीच्या पाठीमागे, साधारण गाडीच्या उंचीएवढ्या ते दीडपट लांबीपर्यंत, हवेचा एक फुगा असतो असे समजा. या फुग्यातील हवा भोवऱ्यांच्या रूपाने गोल गोल फिरते. पण सरासरीने ती गाडीबरोबरच पुढे जाते. गाडी जणू हवेची एक न दिसणारी गाठोडी पाठीला बांधून पळत असते. कोड्याचे उत्तर हेच. धूळ गाडीला गाठत नाही. धूळ या गाठोडीत शिरते आणि गाडीच तिला घेऊन जाते.

या फुग्यात दोन मुख्य भोवरे असतात. टपावरून येणारी हवा वरच्या भोवऱ्याला फिरवते. गाडीच्या पोटाखालून येणारी हवा खालच्या भोवऱ्याला फिरवते. दोघांचा परतीचा प्रवाह मधोमध एकत्र येऊन गाडीच्या पाठीवर आदळतो. तेथून एक वाट काचेवरून वर जाते आणि दुसरी बंपरकडे खाली येते.

धूळ येते ती मुख्यतः खालून. चाक फिरताना त्याचा मागचा भाग वर जात असतो. त्याला चिकटलेली माती वर उचलली जाते आणि सुटते. गाडीच्या पोटाखालची खळबळलेली हवाही रस्त्यावरची धूळ उचलते. ही धुळकट हवा खालच्या भोवऱ्यात मिसळते आणि खालचा भोवरा ती वरच्याला देतो. टपावरची हवा स्वच्छ असूनही काच मळते ती यामुळेच.

कोणती धूळ चढते?

रस्त्यावर खडी असते, वाळू असते आणि पिठासारखी मातीही असते. काचेवर मात्र पीठच दिसते. ही निवड कोण करते?

दहा मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण घ्या. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना येईल. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे हा कण स्थिर हवेत सेकंदाला फक्त ८ मिलिमीटर वेगाने खाली येतो. शंभर मायक्रॉनचा वाळूचा कण सुमारे अर्धा मीटर वेगाने पडतो.

या अंतिम वेगाला गुरुत्वीय प्रवेगाने, म्हणजे ९.८ ने, भागले तर एक उपयुक्त काळ मिळतो. प्रवाहाने दिशा बदलल्यावर कणाला नवी दिशा घ्यायला लागणारा हा काळ होय. दहा मायक्रॉनच्या कणाला तो ०.०००८ सेकंद, तर शंभर मायक्रॉनच्या कणाला सुमारे ०.०५ सेकंद येतो. भोवऱ्यातील वेग सेकंदाला ५ मीटर धरला, तर वळण आल्यावर लहान कण ४ मिलिमीटर भरकटतो आणि मोठा कण सुमारे २५ सेंटिमीटर.

अर्थ उघड आहे. मीटरभर रुंदीच्या भोवऱ्यात बारीक कण हवेबरोबर निमूटपणे फिरतात. जाड कण वळणावर बाहेर पडतात आणि खाली येतात. खडे तर हवेला जुमानतच नाहीत. काचेपर्यंत चाळून पोहोचते ते पीठ. बंपर मात्र चाकांच्या जवळ असतो. चाकाने फेकलेले जाड कण त्याच्या खालच्या कडेपर्यंत थेट पोहोचतात. तुम्ही स्वतः तपासून पाहा. काचेवरची धूळ आणि बंपरच्या खालच्या कडेची धूळ दोन बोटांत चोळा. दुसरी अधिक कचकचेल.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. एक मीटर उंच उडालेला दहा मायक्रॉनचा कण शांत हवेत खाली यायला सुमारे दोन मिनिटे घेतो. तेवढ्या वेळात आपली गाडी १.८ किलोमीटर पुढे गेलेली असते. कच्च्या रस्त्यावर एका गाडीमागची धुळीची शेपटी इतकी लांब का असते, हे आता तुम्हांला सांगता येईल. आणि त्या शेपटीत शिरून पुढच्या गाडीला ओलांडणे किती धोक्याचे आहे, हेही!

वाऱ्याने धूळ उडून का जात नाही?

एकदा बसलेली धूळ गाडी वेगाने नेली की झडून जाईल असे वाटते. तसे होत नाही. तुमच्या घरातील छताचा पंखा पाहा. मिनिटाला शेकडो फेरे फिरणाऱ्या पात्यावर सर्वांत जास्त धूळ! येथे प्रांटल यांचा सीमास्तर आठवा. पृष्ठभागाला लागून हवेचा वेग शून्य असतो. बारीक कण या संथ थरात बुडालेला असतो आणि वरून जाणाऱ्या वाऱ्याचा त्याला स्पर्शही होत नाही.

शिवाय कण पृष्ठभागाला चिकटतो तो रेणूंमधील आकर्षणाने. हे आकर्षण कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असते, तर वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. व्यास दहापट लहान झाला की चिकटण्याचे बल दहापट कमी होते, पण वजन हजारपट कमी होते. म्हणून कण जितका बारीक तितका तो हट्टी. त्यात रात्रीचे दव किंवा तेलाचा पातळ ओशट थर असेल तर विचारायलाच नको.

कोरड्या फडक्याने खसाखसा पुसणे हा मात्र उपाय नव्हे. प्लॅस्टिकचा बंपर घासल्याने त्यावर विद्युत्भार येतो आणि तो आसपासची धूळ पुन्हा ओढून घेतो. शिवाय वाळूतील क्वार्ट्‌झची कठिनता ७ आहे, काचेची सुमारे साडेपाच. काचेवर धूळ घासणे म्हणजे तिला पॉलिशपेपरने घासणे होय. आधी पाणी ओतावे, मग मऊ ओल्या फडक्याने पुसावे.

धूळ दूर कशी ठेवायची?

धूळ भोवऱ्याबरोबर येते हे कळल्यावर उपाय शोधण्याची दिशाही कळते. धुळीशी भांडण्यात अर्थ नाही. हवेला वळण लावले पाहिजे.

पहिला उपाय टपाच्या मागच्या कडेवर बसवण्याच्या वाकवलेल्या पट्टीचा. लांब टपाच्या, उभ्या पाठीच्या गाड्यांवर ती बसवत असत. पट्टी आणि टप यांच्यामध्ये फट ठेवलेली असते. टपावरची स्वच्छ हवा या फटीत शिरते, पट्टीच्या वळणाने खाली वळते आणि काचेवरून पडद्यासारखी उतरते. धुळकट भोवरा काचेपासून दूर राहतो. तत्त्व उत्तम आहे, पण फुकटचे नाही. हवेला जबरदस्तीने वळवल्यामुळे गाडीचा रोध सहसा वाढतो. शिवाय हा पडदा खालपर्यंत टिकत नाही. वाटेत तो भोवऱ्यातील हवेत मिसळतो. त्यामुळे काच वाचते, बंपर वाचत नाही. हल्ली अनेक गाड्यांच्या टपाला मागे आडवी फळी जोडलेली दिसते, तिची आणि या पट्टीची गल्लत करू नका. ती फळी हवेला खाली वळवत नाही, उलट सरळ मागे सोडते. म्हणूनच अशा गाड्यांना मागच्या काचेसाठी वेगळा वायपर द्यावा लागतो.

दुसरा उपाय गाडीच्या आकाराचा. पाठ उभी न ठेवता उतरती केली तर हवा उतारावरून खाली येते आणि काच धुळीच्या फुग्याबाहेर राहते. हा उतार किती असावा? १९८४ साली जर्मनीत एस. आर. अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक मीटर लांबीचा, मोटारीसारखा साधा ठोकळा घेऊन वातविवरात, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, प्रयोग केले. पाठीचा उतार सुमारे ३० अंशांपेक्षा जास्त तीव्र झाला की हवा उतार सोडून देते आणि मागचा सारा प्रवाहच पालटतो, असे त्यांना आढळले. तो ठोकळा आज जगभर 'अहमद बॉडी' या नावाने अभ्यासला जातो. डिकीचा स्वतंत्र भाग असलेल्या गाड्यांची काच बरीच उतरती असते. त्यांना मागचा वायपर सहसा का लागत नाही, हे यावरून समजेल. पण अशाही गाडीची शेवटची उभी भिंत, म्हणजे दिवे, नंबरपाटी आणि बंपर, भोवऱ्यातच राहते.

मग बंपरचे काय? त्यासाठी धूळ मुळातच भोवऱ्यात शिरू नये हे पाहावे लागते. चाकांमागे लोंबणारे रबरी पडदे, ज्यांना ट्रकवाले मडफ्लॅप म्हणतात, ते हे काम करतात. चाकाने फेकलेली माती ते अडवतात आणि जमिनीवर परत पाडतात. जाड कणांसाठी ते चांगले काम देतात. पण हवेत मिसळलेले पीठ ते पूर्ण अडवू शकत नाहीत, कारण पीठ हवा नेईल तिकडे जाते. आणखी एक साधा उपाय चालकाच्या पायात आहे. धुळीच्या रस्त्यावर वेग कमी करणे! चाकांनी उडवलेली धूळही कमी होते आणि भोवऱ्याचा जोरही. वेग निम्मा केला की वरच्या सूत्रातील दाब चौथा हिस्सा होतो.

तेव्हा बंपर पूर्णपणे धूळमुक्त ठेवणारी युक्ती विचाराल तर ती नाही, असे प्रामाणिकपणे सांगावे लागेल. जोवर गाडीला पाठ आहे, तोवर पाठीमागे भोवरा आहे.

प्रश्न धुळीपुरता नाही

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधतो. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या गाडीची धूर सोडणारी नळी बहुधा मागच्या बंपरखालीच उघडते. म्हणजे जो फुगा धूळ फिरवतो, तोच धूरही फिरवतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो.

लांब सामान आत मावत नाही म्हणून डिकीचे दार दोरीने अर्धवट बांधून, मागे मुलांना बसवून निघालेली गाडी तुम्ही पाहिली असेल. सहलीला जाताना 'वारा लागावा' म्हणूनही मागचे दार उघडे ठेवतात. पण पुढच्या खिडक्यांजवळून बाहेरची हवा वेगाने वळते, तेथे दाब बराच कमी असतो. त्यामुळे गाडीतील हवा पुढच्या खिडक्यांतून बाहेर ओढली जाते आणि तिची जागा घ्यायला मागच्या उघड्या दारातून भोवऱ्यातली हवा आत येते. वारा लागतो खरा, पण तो धुराचा! धूळ डोळ्यांना दिसते, घशाला खवखवते, म्हणून आपण सावध होतो. कार्बन मोनॉक्साइड असा इशारा देत नाही. डोके दुखू लागले, मळमळले, झोप येऊ लागली, तर गाडी लागली असे समजून मुलांना तसेच झोपू दिले जाते. म्हणून चालत्या गाडीचे मागचे दार कधीही उघडे ठेवू नये. तुमच्या घरची मोठी माणसे तसे करू लागली तर नम्रपणे पण ठामपणे त्यांना थांबवा आणि काचेवरची धूळ पुरावा म्हणून दाखवा. जेथे धूळ पोहोचते, तेथे धूरही पोहोचतो.

बसच्या मागच्या बाकावर धुळीने हैराण होणाऱ्यांनाही हे लागू आहे. धुळीचा रस्ता लागला की मागच्या खिडक्या आणि फटी आधी बंद कराव्यात. मोटारीत बाहेरची हवा आत घेणारा पंखा असेल तर काचा बंद करून तो चालू ठेवावा. आतला दाब किंचित वाढतो आणि फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाऊ लागते.

आणि मागचे दिवे? धुळीचा थर तांबडा प्रकाश अडवतो. संध्याकाळी मागून येणाऱ्याला ब्रेकचा दिवा उशिरा दिसला तर काय होईल, ते सांगायला नको. धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर सगळी गाडी धुवायला वेळ नसेल तर नसो. दिवे आणि नंबरपाटी मात्र ओल्या फडक्याने पुसून मगच पुढे निघावे.

करून पाहा

साहित्य: पत्र्याचा लांबट ट्रे किंवा मोठी परात, १० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच असा लाकडी ठोकळा, लाकडाचा बारीक भुसा, पत्र्याच्या दोन पट्ट्या, टाचण्या.

कृती: ट्रेमध्ये तीन सेंटिमीटर पाणी घ्या. भुसा विरळ पसरा. ठोकळा तळाला टेकवून, लांबीच्या दिशेने, सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर वेगाने सरकवा. ठोकळ्यामागचा भुसा गोल फिरत ठोकळ्याबरोबर येताना दिसेल. हीच ती गाठोडी! नंतर ठोकळ्याच्या मागे जाड मेणकापडाची निमुळती शेपटी जोडून पुन्हा पाहा. शेवटी शेपटी काढून मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर, थोडी फट ठेवून, आत वळवलेल्या पट्ट्या टाचण्यांनी बसवा. पाठीलगतचा भुसा हटतो का? फट लहानमोठी केल्यास काय फरक पडतो? प्रत्येक वेळी वहीत आकृती काढा.

या ठोकळ्याचा रेनॉल्ड्‌स अंक सुमारे ५,००० येतो, तर खऱ्या गाडीचा दहा लाखांहून अधिक. शिवाय गाडीजवळ एका बाजूला जमीन असते. तरीही तीक्ष्ण कडेवर प्रवाह सुटण्याची क्रिया दोन्हीकडे सारखीच असल्याने मुख्य गोष्ट येथे पाहता येते.

विचार करा

१. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बसच्या पाठीवरील मागे खेचणारे बल किती? त्यासाठी किती अश्वशक्ती खर्च होतील? दोन्ही उत्तरांची वरच्या उत्तरांशी तुलना करा. बल आणि अश्वशक्ती सारख्याच पटीने का वाढल्या नाहीत?

२. विजेवर चालणाऱ्या गाडीला धूर नाही. तिच्या मागच्या बंपरवर धूळ कमी बसेल का?

३. सायकलवरून जाताना पुढे चाललेल्या ट्रकच्या अगदी मागे राहिले तर पायडल मारणे हलके का होते? आणि तसे करणे शहाणपणाचे का नाही?

पुढच्या वेळी धुळकट काचेवर नाव लिहायला बोट उचलाल, तेव्हा आधी त्या धुळीतील रेषा पाहा. भोवरा कोठे आदळला, कोठून वर गेला, कोठे खाली वळला, हे त्या थराच्या जाडीवरून ओळखता येते का ते पाहा. हे सारे पाहून, मालकाला विचारून, मग काच पुसा. पुसताना आधी पाणी ओतायला विसरू नका!